लिंडसे पॅस्को ऑस्ट्रेलियन होतो त्याची गोष्ट

पासपोर्टच्या फॉर्मवरचा सातवा प्रश्न येईपर्यंत लिंडसे पॅस्को पूर्णपणे ऑस्ट्रेलियन होता.

रविवारची सकाळ होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाची किटली, थोडा करपलेला टोस्ट आणि मधोमध तो फॉर्म. टेबलाखाली त्यांची कुत्री टिली लिंडसेच्या पावलावर हनुवटी टेकून पडली होती. पुढच्या जूनमध्ये मुलीचं, केरिनचं, लग्न होतं आणि ते बालीला होतं. कुलबरी गावातल्या निम्म्या मुली हल्ली बालीलाच जाऊन लग्न करतात. समुद्र मिळतो, ऊन मिळतं, आणि ज्यांना बोलवायचं नसतं त्यांना विमानाचं भाडंच परस्पर थोपवतं. केरिनने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "डॅड, मला बँड नको, भाषण तर अजिबात नको. तू फक्त माझा हात धरून वाळूतून चालायचंस. बूट काढून."

लिंडसेला देशाबाहेर जाण्याची हौस कधीच नव्हती. एकदा टास्मानियाला गेला होता, तर तिथल्या ब्रेडला चव नाही म्हणून तीन दिवस कुरकुरत होता. पण पोरीने हात धरायला सांगितला म्हटल्यावर तो शनिवारीच पायांची नखं कापून मोकळा झाला होता. लग्नाला अकरा महिने होते.

"जन्म ऑस्ट्रेलियाबाहेर झाला असल्यास नागरिकत्वाचा दाखला जोडावा," त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, चष्मा नाकावर ढकलत वाचलं. "कुठे आहे तुझा?"

"तो बाहेरच्यांना लागतो."

"बाहेर जन्मलेल्यांना, असं लिहिलंय."

"तेच ते."

"लिंडसे, तू कुठे जन्मलास?"

"बॅरोला. इंग्लंडात. पण मी चौदा महिन्यांचा होतो गं! मला चालतासुद्धा येत नव्हतं."

"म्हणजे तुला उचलून आणलं."

"हो."

"मग दाखला?"

लिंडसेने टोस्टचा तुकडा मोडला, त्यातला अर्धा टिलीला दिला आणि बराच वेळ तिच्या कानामागे खाजवत बसला. "मला वाटलं, ते आपोआप जातं," तो शेवटी म्हणाला.

"काय जातं?"

"इंग्लिशपण. दुधाच्या दातांसारखं."

सोमवारी त्याने सरकारी खात्यात फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकवल्यावर एक मुलगी फोनवर आली. आवाजावरून केरिनपेक्षाही लहान असावी. तिने अतिशय गोड बोलत सांगितलं की त्या काळी इंग्लंडहून आलेल्या पुष्कळ कुटुंबांनी अर्जच केले नव्हते, ते काही बेकायदा नाही आणि घाबरण्याचं कारण नाही.

"अहो, पण मी अठराव्या वर्षापासून मत देतोय! एकदा द्यायचं राहिलं तर दंड ठोकला होता तुम्ही!"

"बरोबर आहे, सर. त्या वेळी यादीत नाव आलेल्यांचा तो हक्क राहतो. पण आपण नागरिक नाही. आपण कायमचे रहिवासी आहात." आणि मग त्याला धीर द्यावा म्हणून तिने जोडलं, "आपण इथे हवे तितके दिवस राहू शकता, सर."

फोन ठेवल्यावर लिंडसे मागच्या पायरीवर जाऊन बसला. समोर त्याची गव्हाची जमीन क्षितिजापर्यंत गेली होती. त्याच्या बापाने साफ केलेली, त्याने स्वतः चाळीस वर्षं नांगरलेली. तिथे त्याला हवे तितके दिवस राहायची परवानगी मिळाली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अशी वेळ कुलबरीत दुसऱ्या कुणावर आली असती, तर गाव दोन दिवस हसलं असतं आणि विसरलं असतं. पण लिंडसेचं तसं नव्हतं. गावात एखादी गोष्ट ऑस्ट्रेलियन आहे की नाही, याचा निकाल तोच देत असे. रांग मोडणं ऑस्ट्रेलियन नाही. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू न म्हणणं ऑस्ट्रेलियन नाही. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ज्याने उचललं नाही तो परदेशी. गावात नवीन कॉफीवाला आला आणि त्याने टोमॅटो सॉसच्या पुडीचे वेगळे पैसे लावले, तेव्हा लिंडसेने त्याच्या दुकानात उभं राहून 'हे ऑस्ट्रेलियन नाही' हे वाक्य इतक्या दुःखाने उच्चारलं होतं की त्या माणसाने दुसऱ्या दिवशी काउंटरवर सॉसची बाटलीच ठेवली.

आणि सॉसेज. गावच्या सेवा-क्लबचा भाजण्याचा तवा एकतीस वर्षं लिंडसेच्या ताब्यात होता. ब्रेडची एक स्लाइस, त्यावर सॉसेज, त्यावर कांदा. त्याचा जिवलग मित्र मर्व्ह डेकर कांदा सॉसेजच्या खाली घालायचा. खाली घातला की सांडत नाही, असं त्याचं म्हणणं. लिंडसे त्याला एकतीस वर्षं एकच सांगत आला होता, "मर्व्ह, हे ऑस्ट्रेलियन नाही."

वर्षातून दोनदा कौन्सिलच्या हॉलमध्ये नव्या नागरिकांचा शपथविधी व्हायचा. बाहेर हिरवळीवर लिंडसेचा तवा तापलेला असायचा. अंगात क्लबचा एप्रन. गावच्या खाटकाने ते एप्रन भेट दिले होते आणि आपल्या मांसाची जाहिरात म्हणून छातीवर मोठ्या अक्षरांत छापून घेतलं होतं: 'शंभर टक्के ऑस्ट्रेलियन'. शपथ झाली की कौन्सिलतर्फे प्रत्येक नव्या नागरिकाला बॉटलब्रशचं एक रोप मिळायचं. ते रोप हातात देण्याचं कामही हळूहळू लिंडसेकडेच आलं होतं. तो प्रत्येकाला तेच सांगायचा, "फार लाड करू नका याचे. पहिला उन्हाळा पाणी घाला, मग त्याचं ते बघतं. आणि कुंडीत ठेवू नका. जमिनीत लावा."

आता अशा माणसाने त्याच हॉलमध्ये, त्याच तव्यासमोर, रोप घ्यायला हात पुढे करायचा?

"इंग्लंडचा पासपोर्ट काढ ना," ग्लेनिस म्हणाली. "तो तर हक्काने मिळेल. बालीला चालतो."

लिंडसेने तिच्याकडे असं बघितलं की तिने लगेच भांडी घासायला घेतली.

"परवा कसोटी सुरू होतेय," तो म्हणाला. "इंग्लंडशी. आणि मी त्यांचा पासपोर्ट खिशात ठेवून टीव्हीसमोर बसू? मला त्यापेक्षा पेटीत घालून पाठवा बालीला."

"मग अर्ज भर."

"भरतो. पण गावात कुणाला कळता कामा नये. मर्व्हला तर मुळीच नाही."

अर्जासाठी तो कधी आणि कशाने देशात आला याचा पुरावा हवा होता. तो असला तर आईकडेच असणार होता.

त्याची आई विनी पंच्याऐंशी वर्षांची. गावच्या वृद्धनिवासात तिला पहिल्या मजल्यावर व्हरांड्याची खोली मिळाली होती. व्हरांड्यात कुंड्या होत्या. विनीच्या आयुष्यात कायम कुंड्याच होत्या. शेतावरच्या घरी राहायची तेव्हाही, भोवती हजार एकर जमीन पसरलेली असताना, तिचे जिरेनियम पत्र्याच्या डब्यांत आणि फुटक्या बादल्यांत वाढायचे. लहानपणी लिंडसेला वाटायचं, फुलं जमिनीत येतच नाहीत.

"मम, आपण आलो ती बोट… तिचा काही कागद आहे का तुझ्याकडे?"

विनीने कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढायला लावला. त्यात बोटीतून उतरल्याचं कार्ड होतं, पिवळं पडलेलं, कोपरा न् कोपरा शाबूत. जणू कालच कुणीतरी मागायला येणार होतं.

"मम, तुम्ही मला नागरिक का नाही करून घेतलंत गं? तेव्हा तर नुसती सही करायची होती."

"तुझे डॅड म्हणाले होते, दोन वर्षं बघू." विनीने कार्ड त्याच्या हातातून घेऊन पुन्हा एकदा सरळ केलं. "नाही जमलं तर परत जाऊ. दोन वर्षं राहावंच लागायचं, सरकारने स्वस्तात आणलं त्याची तशी अटच होती. म्हटलं, बघू."

"अगं, अठ्ठावन्न वर्षं झाली!"

"हो ना," विनी म्हणाली. "अजून बघतोच आहोत."

डबा बंद करताना खोलीत मारिसोल आली. मारिसोल फिलिपिन्सची, वृद्धनिवासात नर्स. तीन वर्षांपूर्वी ती नागरिक झाली तेव्हा तिचं रोप लिंडसेनेच तिच्या हातात दिलं होतं. त्याआधी तिला परीक्षेसाठी शिकवण्याचं कामही त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. "ते सरकारी पुस्तक वाचू नकोस, मला विचार," असं तो म्हणाला होता. मारिसोलने रोज त्याला विचारलं, रात्री पुस्तक वाचलं, आणि पुस्तकाच्या जोरावर पास झाली. हे तिने त्याला कधी कळू दिलं नाही.

तिने बिस्किटांचा डबा पाहिला, ते कार्ड पाहिलं, लिंडसेचा चेहरा पाहिला.

"लिंडसे सर," ती दार लोटून घेत हळूच म्हणाली, "तुमचं वय साठच्या वर आहे का?"

"पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये साठ."

"अरेरे. साठनंतर परीक्षा माफ असते."

"कसली परीक्षा?"

दुसऱ्या दिवशी मारिसोलने ते सरकारी पुस्तक आणून ग्लेनिसच्या फ्रीजवर ठेवलं.

मग दर गुरुवारी संध्याकाळी पॅस्कोंच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की लिंडसे पुस्तकावर बसायचा.

"देशाचा सर्वोच्च प्रमुख कोण?" मारिसोलने विचारलं.

"पंतप्रधान."

"चूक."

"मग गव्हर्नर-जनरल."

"तो प्रतिनिधी झाला, सर. कुणाचा प्रतिनिधी?"

लिंडसेने छताकडे बघितलं.

"राजाचा," मारिसोल म्हणाली. "इंग्लंडच्या."

"एक मिनिट." लिंडसेने चहाचा मग खाली ठेवला. "म्हणजे सगळ्यात वर इंग्लंडचा माणूस बसलेला चालतो. आणि मी खाली हिरवळीवर सॉसेज भाजतो, तर माझे कागद मागतात?"

"सर, हे परीक्षेत लिहू नका."

"त्याने दिली का ही परीक्षा?"

"लिहू नका, सर. टिचकी मारायची असते, चारातल्या एकावर."

ग्लेनिस ओट्याकडे तोंड करून बटाटे सोलत होती. तिचे खांदे हलत होते.

"हसतेस काय? निदान टिली तरी आहे माझ्या बाजूने," लिंडसे टेबलाखाली हात घालत म्हणाला. "अस्सल ऑस्ट्रेलियन शेफर्ड. हो की नाही गं?"

मारिसोलने एकदा ग्लेनिसकडे बघितलं. मग तिला राहवेना. "सर, ही जात अमेरिकेत तयार झालीय. नाव फक्त ऑस्ट्रेलियन. मी वाचलं होतं."

टिलीने जांभई दिली.

"म्हणजे या घरात मी एकटीच," ग्लेनिस म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला.

ऑक्टोबरात अॅडलेडला जाऊन लिंडसेने परीक्षा दिली. मर्व्हला त्याने सांगितलं, दाढ काढायची आहे. वीसपैकी एकोणीस बरोबर आले. चुकलेला प्रश्न राजाचा होता.

"मुद्दाम चुकवला," गाडीत बसताना तो म्हणाला.

फेब्रुवारीत मंजुरीचं पत्र आलं. आता उरली होती फक्त शपथ. शपथ घेतल्याशिवाय दाखला नाही, दाखल्याशिवाय पासपोर्ट नाही आणि पासपोर्टला सहा आठवडे. कुलबरीचा समारंभ एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी होता, तिथे तवा लिंडसेकडे. त्याने पुन्हा फोन लावला, पुन्हा बासरी ऐकली आणि विनंती करून आपलं नाव टोरिंगाच्या यादीत घालून घेतलं. टोरिंगा तिथून एकशे दहा किलोमीटरवर. तिथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. टोरिंगावाल्यांचा क्लब वेगळा, तवा वेगळा. समारंभ आदल्या शनिवारी, सकाळी अकराला.

मर्व्हला त्याने सांगितलं, दुसरी दाढ काढायची आहे.

शनिवारी सकाळी लिंडसेने केरिनच्या पदवीदानाला घेतलेला कोट घातला. ग्लेनिसने निळा ड्रेस घातला. मारिसोल सुट्टी काढून मागच्या सीटवर बसली. कुणी ओळखीचं दिसलंच तर आपण तिच्या मैत्रिणीच्या समारंभाला आलोय, असं म्हणायचं ठरलं होतं. लिंडसेने फोन बंद करून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला. वाटेत समोरून आलेल्या प्रत्येक गाडीला त्याने सवयीने एक बोट उचलून दाखवलं. टोरिंगाची पाटी दिसल्यावर ते बोट खाली घेऊन त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

टोरिंगाच्या हॉलसमोर हिरवळ होती. हिरवळीवर एक ट्रेलर उभा होता आणि त्यावर लिहिलेलं होतं: 'सेवा-क्लब, कुलबरी'.

"गाडी वळव," लिंडसे म्हणाला.

"तूच चालवतोयस," ग्लेनिस म्हणाली.

तोवर मर्व्हने त्यांना पाहिलं होतं. हातात कांद्याची पिशवी घेऊन तो धावतच आला आणि खिडकीत डोकं घातलं. "आलास का लेका! मला वाटलंच होतं! फोन लागत नव्हता, म्हटलं निरोप मिळाला की नाही कोण जाणे!"

"कसला निरोप?"

"अरे, इकडच्या क्लबवाल्यांनी गुरुवारी शिंपल्यांची पार्टी केली. तेव्हापासून एकही उभा नाही. त्यांच्या सेक्रेटरीने मला फोन केला तोसुद्धा आतूनच, लक्षात घे कुठून. म्हणाला, शनिवारी पाहुणे येणार, सॉसेज कोण भाजणार? म्हटलं, आम्ही येतो." मग त्याची नजर कोटावर गेली, टायवर गेली. "पण तुझी दाढ?"

"बरी झाली," लिंडसे म्हणाला.

"दाढ दुखत असताना कोट घालून एकशे दहा किलोमीटर आलास!" मर्व्हचे डोळे खरोखर ओलावले. त्याने खिडकीतूनच हात घालून लिंडसेचा खांदा दाबला. "मी नेहमी म्हणतो ना, एकच खरा ऑस्ट्रेलियन आहे आपल्या गावात. चल, तवा तापलाय."

आणि त्याने एप्रन लिंडसेच्या गळ्यात घातला.

दहा मिनिटांत लिंडसे कोटावर एप्रन बांधून तव्यासमोर उभा होता. एका हातात चिमटा, समोर साठ सॉसेज, शेजारी मर्व्ह, तो कांदा खाली घालत. हॉलची दारं उघडी होती. आत पहिल्या रांगेत नऊ खुर्च्या मांडल्या होत्या. एक नेपाळी जोडपं येऊन बसलं. दक्षिण आफ्रिकेहून आलेला गुरांचा डॉक्टर, त्याची बायको आणि दोन मुली बसल्या. मग एक आयरिश नर्स, मग भरजरी शर्ट घातलेला एक म्हातारा. आठ झाले. नववी खुर्ची रिकामी होती आणि लिंडसेला ती तव्याच्या धुरातूनसुद्धा स्पष्ट दिसत होती.

"सॉसेज उलट की, करपतंय," मर्व्ह म्हणाला.

लिंडसेने उलटलं.

आत कौन्सिलच्या प्रमुख बाईंचं भाषण सुरू झालं. ते संपलं. मग हातात यादी घेतलेली एक मुलगी दारात आली, इकडेतिकडे बघत हिरवळीवर उतरली आणि मोठ्याने म्हणाली, "लिंडसे आर्थर पॅस्को कोण आहेत?"

"हा काय!" मर्व्हने हातातल्या ब्रेडच्या स्लाइसने दाखवलं. "पण त्याला आता हलवू नका. आभाराचं भाषण असेल तर मला सांगा. हा एकदा बोलायला लागला की थांबत नाही."

"पॅस्को तुम्हीच का?" मुलीने लिंडसेला विचारलं. तिने एप्रनवरची अक्षरं वाचली, यादी वाचली, पुन्हा एप्रन वाचला. "सर, सगळे थांबलेत. आज राहिलं तर इथली पुढची तारीख ऑगस्टमध्ये आहे."

"ऑगस्टमध्ये काय आहे?" मर्व्हने विचारलं.

तव्यावर साठ सॉसेज चुरचुरत होते. एकतीस वर्षांत त्याने भरला तवा मध्येच सोडला नव्हता. अगदी केरिनच्या जन्माच्या दिवशीही शेवटचं सॉसेज ब्रेडवर ठेवून मगच तो दवाखान्यात गेला होता. तो उशीर ग्लेनिसने त्याला अजून माफ केलेला नव्हता.

ग्लेनिस पुढे आली. तिने त्याच्या हातातून चिमटा काढून घेतला आणि तव्यासमोर उभी राहिली.

लिंडसे मुलीच्या मागे निघाला. पायरीवर त्याने एप्रनची गाठ सोडायचा प्रयत्न केला, पण ती मर्व्हने बांधली होती आणि मर्व्ह ट्रेलरला दोर बांधायचा तशाच गाठी सगळीकडे मारतो. तेव्हा तो तसाच आत गेला आणि नवव्या खुर्चीसमोर उभा राहिला. भरजरी शर्टवाल्या म्हाताऱ्याने त्याच्या छातीवरची अक्षरं वाचून अदबीने थोडं सरकून जागा करून दिली.

"माझ्या मागोमाग म्हणा," बाई म्हणाल्या. "आजपासून पुढे…"

"आजपासून पुढे," आठ जण म्हणाले. आजपासून? मग इतकी वर्षं मी काय करत होतो, असं लिंडसेला विचारावंसं वाटलं. पण मारिसोल दाराशी उभी होती आणि तिने ओठांवर बोट ठेवून मान हलवली: वाद नको, सर.

"आजपासून पुढे," तो म्हणाला, जरा उशिराने, एकटाच. मग सगळ्यांबरोबर म्हणाला की मी ऑस्ट्रेलियाशी आणि इथल्या माणसांशी निष्ठा राखेन. इथल्या माणसांशी, हे म्हणताना त्याला का कोण जाणे दारातला मर्व्ह दिसला. मर्व्हच्या एका हातात ब्रेडची स्लाइस होती आणि तोंड उघडं होतं.

दाखले वाटताना बाईंनी नाव आणि आधीचा देश वाचला. "लिंडसे आर्थर पॅस्को, इंग्लंड." हॉलने टाळ्या वाजवल्या. बाहेरून सॉसेज करपल्याचा वास आला.

रोपं वाटायला टोरिंगाकडे माणूस नव्हता. तो शिंपल्यांत गेलेला. म्हणून मारिसोलच पुढे झाली. एकेकाला देत देत ती लिंडसेपाशी आली आणि बॉटलब्रशचं काळ्या पिशवीतलं रोप तिने दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

"फार लाड करू नका याचे, सर," ती म्हणाली. "पहिला उन्हाळा पाणी घाला—"

"माहितेय मला," लिंडसे म्हणाला आणि पटकन खिडकीबाहेर बघायला लागला.

ते हिरवळीवर परत आले. ग्लेनिस ब्रेड लावत होती. लिंडसेने रोप ट्रेलरवर ठेवलं, चिमटा घेतला आणि काळे पडलेले सॉसेज बाजूला काढायला लागला.

"एकतीस वर्षं," मर्व्ह शेवटी म्हणाला. "एकतीस वर्षं तू मला सांगतोयस की कांदा खाली घालणं ऑस्ट्रेलियन नाही."

"हो."

"आणि तू इंग्लिश."

"होतो. अर्ध्या तासापूर्वीपर्यंत."

मर्व्हने एका स्लाइसवर कांदा ठेवला. त्याच्याकडे बघितलं. मग त्यावर सॉसेज ठेवलं, त्यावर पुन्हा कांदा ठेवला आणि ते लिंडसेच्या हातात दिलं. लिंडसेने मुकाट्याने खाल्लं.

नेपाळी जोडपं सॉसेज घेऊन गेलं, डॉक्टरच्या मुली दुसऱ्यांदा येऊन गेल्या. मर्व्ह तव्याचा आधीच स्वच्छ झालेला कोपरा खरवडत राहिला.

"तो फॉर्म," तो खाली बघतच म्हणाला, "अवघड असतो का रे?"

"कुठला?"

"हाच. तुझा."

"का?"

"काही नाही. आई म्हणायची, तू इथेच जन्मलास. पण बाप्तिस्म्याचा कागद डच भाषेत आहे. आणि त्यावर माझं नाव मर्व्ह नाहीये." त्याने आवाज आणखी खाली आणला. "मारिनुस आहे."

लिंडसेने चिमटा खाली ठेवला. गेल्या नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर पूर्वीचं ते निकाल देणारं तेज आलं. पण त्याने निकाल दिला नाही.

"वय काय तुझं, मर्व्ह?"

"बासष्ट."

"मग परीक्षा माफ आहे," लिंडसे म्हणाला. "नशीबवान आहेस. गुरुवारी ये घरी, फॉर्म भरू. येताना गाडी मागच्या बाजूला लाव."

परत येताना संध्याकाळी ते वृद्धनिवासाशी थांबले. विनी व्हरांड्यात आरामखुर्चीत बसली होती, भोवती जिरेनियमच्या कुंड्या. लिंडसेने दाखला तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला. मग एप्रनकडे बघितलं. गाठ अजून सुटली नव्हती.

"म्हणजे राहायचं ठरलं का शेवटी?" तिने विचारलं.

"हो मम. ठरलं."

"तुझ्या डॅडना सांगायला हवं होतं." मग तिचं लक्ष रोपाकडे गेलं. लिंडसे ते सवयीने तिच्या कुंड्यांच्या रांगेत ठेवायला निघाला होता.

"तिथे कशाला ठेवतोस? खाली कुंपणाशी लाव. जमिनीत."

लिंडसे वळून तिच्याकडे बघतच राहिला. मारिसोल आतून कुदळ घेऊन आली. ग्लेनिसने त्याचा कोट काढायचा प्रयत्न केला, पण एप्रनमुळे तो निघेना. तेव्हा कोट, टाय, एप्रन अशा थाटात नवा नागरिक कुंपणाशी गुडघ्यांवर बसला आणि खड्डा खणायला लागला. विनी वरून कठड्याला धरून सूचना देत होती. अजून खोल. डावीकडे. मुळं मोकळी कर आधी.

माती लोटून झाल्यावर तो उभा राहिला आणि वर बघून म्हणाला, "झालं, मम! बरोबर लागलंय का?"

"बघू," विनी म्हणाली. "दोन वर्षं बघू."

"आणि नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर तुझं तू बघ," विनी म्हणाली. "मी आता कुठे जात नाही."